कोबेची पेढी, ओसाकाची शाळा

कोबे शहरात दिशा चुकत नाही. उत्तरेला रोक्को पर्वताची रांग, दक्षिणेला समुद्र आणि या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत सारे शहर वसलेले. वाट विचारली तर तेथील माणसे उजवे-डावे सांगत नाहीत. ‘पर्वताच्या बाजूने’ किंवा ‘समुद्राच्या बाजूने’ असे सांगतात. सान्नोमिया स्थानकातून बाहेर पडून पर्वताच्या बाजूने चढण चढू लागले की थोड्याच वेळात कितानो हा भाग लागतो. १८६८ साली हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि पुढील काही दशकांत युरोपीय व्यापाऱ्यांनी या चढणीवर आपली घरे बांधली. लाकडी सज्जांची, उंच धुराड्यांची ती घरे आज पर्यटकांना तिकीट लावून दाखविली जातात. त्याच परिसरात पांढऱ्या संगमरवराचे जैन मंदिर उभे आहे. भगवान महावीरांचे हे मंदिर १९८५ साली उभारले गेले. सकाळच्या वेळी पायऱ्यांपाशी उभे राहिले की आत गुजरातीतून स्तवन ऐकू येते आणि बाहेरच्या रस्त्याने पाठीवर दप्तर घेतलेली जपानी मुले शाळेत जाताना दिसतात.

भारतीय व्यापारी या शहरात मोठ्या संख्येने आले ते संकटातून. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील अनेक भारतीय पेढ्या कोबेला हलल्या. सिंधी, पंजाबी, गुजराती अशी ती मंडळी प्रामुख्याने कापडाच्या व्यापारातली. मोत्यांचे व्यापारी नंतरच्या काळात वाढले. इसे, एहिमे, नागासाकी येथील समुद्रातून निघालेला मोती छाननी, छिद्रण आणि जुळवणी यांसाठी कोबेला येतो. रोक्को पर्वतावरून परावर्तित होणारा उत्तरेकडचा मंद उजेड मोती पारखण्यास उत्तम, असे येथील जुने व्यापारी सांगतात. आमच्या ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो, त्यांच्या पेढीतील टेबलेही उत्तरेच्या खिडकीलगत मांडलेली होती.

त्या पेढीवर दोन दिवस बसून मी व्यवहार पाहिला. आमचे दुकान सोलापुरात, माल चादरी आणि टॉवेलांचा. मोत्याशी आमचा संबंध घरातील स्त्रियांच्या दागिन्यांपुरताच. तरीही पेढीची रीत ओळखीची वाटली. लाखो येनांच्या माळा एका साध्या चिठ्ठीवर जांगड म्हणून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जात होत्या. पसंत पडल्या तर पैसे, न पडल्या तर माल परत. ना वकील, ना मुद्रांक. आमचे स्नेही म्हणाले, “येथे माल बुडवणारा माणूस एकदाच बुडवतो. दुसऱ्या दिवशी कोबेत, आठवड्यात मुंबईत आणि महिन्यात अँटवर्पला त्याचे नाव पोहोचलेले असते.” चिठ्ठीच्या मागे असा सारा समाज उभा असतो.

माझ्या धाकट्या बंधूंची मुलगी याच परिसरात, कोबेपासून जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर, तीन वर्षांपासून इंग्रजी शिकवते. तिच्या हातात जो कागद होता, त्याच्यामागे असे कोणी उभे नव्हते. हा लेख मुख्यतः त्या कागदाविषयी आहे. अलीकडे आपल्या अनेक घरांतील मुले-मुली दुकानाच्या गादीवर न बसता परदेशी नोकरीस जातात. त्यांपैकी काही जण शिक्षक म्हणून जातात, आणि मालाची पत पाहण्यात पिढ्यान्‌पिढ्या घालवलेल्या आपल्या घरांना नोकरीचा करार कसा वाचावा हे फारसे ठाऊक नसते.

कोबे आणि ओसाका यांच्या दरम्यान तीन कंपन्यांच्या आगगाड्या समांतर धावतात. गाडी स्थानकात शिरण्यापूर्वी खिडकीतून पाहावे, म्हणजे प्रत्येक स्थानकासमोरच्या इमारतीवर तीन-चार पाट्या हमखास दिसतात: दंतवैद्य, शिकवणी वर्ग, कर्ज देणारी कंपनी आणि इंग्रजी संभाषणाची शाळा. अशा शाळेला जपानीत ‘एइकाइवा’ म्हणतात. शाळा हा शब्द येथे थोडा फसवा आहे. पटांगण नाही, घंटा नाही, मुख्याध्यापक नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावर काचेच्या पाच-सहा खोल्या, एक स्वागतकक्ष आणि प्रवेश विकणारे कर्मचारी. दुपारी बालवाडीतील मुले आणि गृहिणी येतात, संध्याकाळी शाळकरी मुले, रात्री कचेरीतून सुटलेले पुरुष. निवृत्त वृद्धही येतात. त्यांना परदेशप्रवास करायचा असतो किंवा नुसते कोणाशी तरी बोलायचे असते. म्हणून शिक्षकाचा दिवस दुपारी एकच्या सुमारास सुरू होतो आणि रात्री नऊला संपतो. शनिवार-रविवार हे सर्वाधिक गर्दीचे दिवस. पुतणीला सुटी सोमवारी आणि मंगळवारी असे. त्यामुळे कोबेच्या मंदिरातील रविवारच्या पूजेस तिला पहिल्या वर्षी एकदाही जाता आले नाही.

या धंद्याचा इतिहास ओसाकातच सर्वांत ठळक दिसतो. १९८१ साली या शहरात ‘नोव्हा’ नावाची कंपनी सुरू झाली. ‘स्थानकासमोरच परदेशी शिक्षण’ अशा अर्थाचे तिचे घोषवाक्य आणि गुलाबी रंगाचे सशासारखे बोधचिन्ह दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचले होते. देशभरात शेकडो शाखा, काही लाख विद्यार्थी आणि सुमारे चार हजार परदेशी शिक्षक असा तिचा पसारा झाला. विद्यार्थी पाठांची कुपने आगाऊ आणि घाऊक विकत घेत. जितकी अधिक कुपने, तितका प्रतिपाठ दर कमी. मध्येच शिकवणी सोडणाऱ्यास उरलेले पैसे परत देताना मात्र कंपनी वापरलेल्या पाठांचा हिशेब चढ्या दराने लावी. एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरविली. जूनमध्ये सरकारने नवे दीर्घ मुदतीचे करार करण्यास सहा महिने बंदी घातली. त्यानंतर आगाऊ पैशांचा ओघ आटला आणि पगार लांबू लागले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितले आणि शाखांना कुलुपे लागली.

व्यापारी माणसाला यात नवल वाटू नये. आगाऊ घेतलेला पैसा हे वहीत देणे म्हणून लिहायचे असते. तो नफा समजून नव्या शाखा उघडल्या की माणसांनी पैसे परत मागायला सुरुवात करताच तिजोरी रिकामी दिसते. कापडाच्या बाजारातही आपण अशी दुकाने पाहिली आहेत. शिक्षकांच्या वाट्याला जे आले, ते मात्र त्याहून विचित्र होते. पुष्कळ जण कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरांत राहत होते. भाडे त्यांच्या पगारातून दरमहा कापले जाई, पण काही ठिकाणी ते घरमालकापर्यंत पोहोचलेच नव्हते. पगार नाही आणि डोक्यावरचे छप्परही जाण्याच्या बेतात. जेवणाच्या किंवा शिध्याच्या मोबदल्यात शिकवणी करणाऱ्या शिक्षकांच्या बातम्या त्या हिवाळ्यात जगभर छापून आल्या. दिवाळखोरीत गेलेल्या मालकाकडील थकीत वेतनापैकी ऐंशी टक्के रक्कम, ठराविक मर्यादेत, जपानी शासनाच्या योजनेतून कामगाराला मिळते; तिचा त्या वेळी अनेकांना आधार झाला. आज याच नावाने चालणाऱ्या शाळांची मालकी निराळी आहे, हेही येथे नमूद करणे न्याय्य होईल.

ती घटना आता जुनी झाली. पण त्यानंतरच्या करारांतही तिच्या खुणा जागोजाग सापडतात, आणि पुतणीचा करार वाचताना त्या मला दिसल्या. तिची संस्था मध्यम आकाराची होती. तिचे नाव येथे देत नाही.

ती तेव्हा निशिनोमिया येथे राहत होती. जपानात खोलीचे क्षेत्रफळ तातामी चटयांच्या संख्येने सांगतात. तिची खोली सहा चटयांची, म्हणजे आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीएवढी. खिडकीतून रेल्वेचे फाटक दिसत असे. सौ.ने सोलापूरहून आणलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी कपाटात लावून दिली, कारण जपानात निर्मळ शाकाहार सांभाळणे हे स्वतंत्रच काम आहे. भाजीचे सूप दिसले तरी त्यात बोनितो माशाचा अर्क असतो, आणि कांदा-लसूण वर्ज्य असेल तर बाहेरच्या जेवणाचा विचारच सोडावा. रात्री साडेनऊनंतर घरी येऊन स्वयंपाक करणे हा तिच्या नोकरीचाच एक भाग होऊन बसला होता. बहुतेक रात्री मुगाची खिचडी.

करार एक वर्षाचा, पगार दरमहा अडीच लाख येन. आपल्या घरांत बातमी येते ती या आकड्याची. रुपयांत रूपांतर केले जाते आणि पेढे वाटले जातात. पण पुतणीच्या करारातील महत्त्वाची वाक्ये त्या आकड्याच्या खाली होती.

पहिले वाक्य तासांचे. आठवड्याला साडेएकोणतीस तास काम, असे लिहिले होते. हा अर्धा तास कशासाठी राखला असेल, असे मी विचारले. तिने हसून सांगितले, “काका, तो अर्धा तासच सगळा करार आहे.” जपानात पूर्णवेळ कामगाराच्या तीन-चतुर्थांश तास, म्हणजे चाळिसाच्या हिशेबाने तीस तास, जो काम करतो त्याला मालकाने आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन योजनेत दाखल करावे लागते, आणि हप्त्याचा निम्मा भार मालकाला उचलावा लागतो. तास तिसाच्या किंचित खाली ठेवले की तो भार टळतो, अशी या धंद्याची समजूत वर्षानुवर्षे चालत आली. मग शिक्षकाला नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन राष्ट्रीय आरोग्य विम्याचा आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचा संपूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो. अलीकडे कायदा कडक झाला आहे. ऑक्टोबर २०१६ पासून मोठ्या कंपन्यांत आठवड्याला वीस तास काम करणाऱ्यांनाही, किमान वेतनाची अट पूर्ण होत असल्यास, या योजनेत घेणे सक्तीचे झाले. पुढे २०२२ मध्ये शंभराहून अधिक आणि २०२४ मध्ये पन्नासाहून अधिक कामगार असलेल्या संस्थांपर्यंत तो नियम आला. त्याहून लहान शाळांत अजूनही साडेएकोणतीसचा आकडा भेटतो. म्हणून कराराआधी संस्थेत कामगार किती, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे.

आणि ते साडेएकोणतीस तास तरी कोणते? संस्था फक्त पाठांचा वेळ मोजत असे. पन्नास मिनिटांचा पाठ, मग दहा मिनिटांत फळा पुसायचा, मागच्या विद्यार्थ्याची नोंद लिहायची, पुढच्याचे पुस्तक काढायचे आणि दाराशी उभे राहून हसतमुखाने स्वागत करायचे. ही दहा मिनिटे ‘विश्रांती’ या सदरात जात. प्रत्यक्षात ती एकपासून नऊपर्यंत इमारतीतच असे. जपानी कायद्याच्या दृष्टीने मालकाच्या सूचनेखाली असलेला वेळ हा कामाचाच वेळ ठरतो. करारात त्याला कोणते नाव दिले आहे, यावर ते ठरत नाही. पण हे सिद्ध करायचे तर रोजची नोंद हवी.

दुसरे वाक्य घराचे. नव्या परदेशी माणसाला जपानात घर मिळणे सोपे नाही. जामीन लागतो, अनामत लागते आणि कित्येक ठिकाणी घरमालकाला ‘रेइकिन’ म्हणजे केवळ कृतज्ञता म्हणून परत न मिळणारी रक्कमही द्यावी लागते. अशा स्थितीत संस्थाच घर देते, हे वरदान वाटते. करारात मात्र लिहिले होते की नोकरी संपल्यापासून सात दिवसांत खोली रिकामी करावी. ज्याच्या हातात पगार, त्याच्याच हातात घर. मालकाशी वाद घालण्याची वेळ येते तेव्हा माणूस आधी आपली ट्रंक कुठे ठेवायची याचा विचार करतो. २००७ च्या हिवाळ्याने हीच गोष्ट चार हजार लोकांना दाखविली होती.

तिसरे वाक्य दंडाचे, आणि पुतणीची खरी गाठ पडली ती त्याच्याशी. दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन नोकरी सोडण्याची मुभा करारात होती. पण पहिल्या वर्षाच्या आत सोडल्यास ‘प्रशिक्षण खर्च’ म्हणून एक लाख येन अखेरच्या पगारातून वळते केले जातील, असेही होते. हे प्रशिक्षण म्हणजे पहिले पाच दिवस एका अनुभवी शिक्षकाच्या मागे बसून त्याचे पाठ पाहणे. आठव्या महिन्यात तिची बदली प्रवासाला दीड तास लागणाऱ्या शाखेत झाली. रात्री घरी पोहोचायला अकरा वाजू लागले. तिने रीतसर पूर्वसूचना दिली, दोन महिने काम केले, दुसऱ्या एका शाळेत नोकरी मिळवली आणि खोलीही बदलली. अखेरच्या पगारात एक लाख येन कमी आले.

घरून तिला फोनवर जो सल्ला मिळाला, तो आपल्या कोणत्याही घरात मिळाला असता: “सही केली आहेस ना? मग सोडून दे. परक्या देशात भांडण नको.” दिलेला शब्द पाळणे हे आपल्या पेढ्यांचे भांडवल आहे, आणि त्या दृष्टीने बंधूंचे म्हणणे चुकीचे नव्हते. अडचण अशी की नोकरीच्या करारात दोन्ही बाजू सारख्या नसतात, हे कायद्याने आधीच गृहीत धरलेले असते. जपानचा श्रम मानक कायदा १९४७ चा. त्याचे सोळावे कलम सांगते की करार मोडल्याबद्दलचा दंड किंवा भरपाईची रक्कम आधीच ठरवून ठेवणारा करार मालकाने कामगाराशी करू नये. चोविसावे कलम सांगते की पगार ठरलेल्या दिवशी, थेट कामगाराला आणि पूर्ण द्यावा. कर वगैरे कायदेशीर कपाती किंवा कामगार-प्रतिनिधींशी झालेला लेखी समझोता यांखेरीज त्यातून काही कापता येत नाही. तिसरे कलम राष्ट्रीयत्वावरून भेद करण्यास मनाई करते. म्हणजे सहीखालचे ते वाक्य कागदावर होते, पण कायद्यासमोर त्याला वजन नव्हते. जांगडच्या चिठ्ठीत नसलेली अट समाज पाळायला लावतो. येथे करारात असलेली अट कायदा रद्द ठरवितो. ही दुसरी रीत आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

ती हे कोठे शिकली? ओसाकातच. १९९१ साली या शहरात ‘जनरल युनियन’ नावाची कामगार संघटना स्थापन झाली आणि भाषाशिक्षकांचे प्रश्न तिने प्रथमपासून हाती घेतले. नव्या शाळेतील एका सहकाऱ्याने तिला तेथील माहितीपत्रक दिले. संघटना म्हटले की आपल्याकडील गिरण्यांचे संप आठवणाऱ्या माझ्यासारख्या सोलापूरकराला थोडे दचकायला होते. पण तिने आधी केले ते इतकेच की करार, दहा महिन्यांच्या पगारपत्रिका आणि बँकेचे पुस्तक घेऊन ती श्रम मानक निरीक्षण कचेरीत गेली. ही सरकारी कचेरी जपानच्या प्रत्येक विभागात असते, तक्रारीला शुल्क नाही आणि परदेशी कामगारांसाठी इंग्रजीतून सल्ल्याची सोयही असते. निरीक्षकाने कागद पाहिले आणि संस्थेशी संपर्क साधला. ही कचेरी न्यायालय नव्हे. ती भरपाई ठरवीत नाही, पण कायद्याचा भंग दिसल्यास मालकाला दुरुस्तीची लेखी सूचना देऊ शकते, आणि बहुतेक संस्थांना आपल्या नावे अशी सूचना नोंदली जाणे नको असते. सात आठवड्यांनी एक लाख येन तिच्या खात्यावर जमा झाले. सोबत पत्र नव्हते, खुलासा नव्हता.

दहा-दहा मिनिटांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. थकीत वेतनाचा दावा करण्याची मुदत एप्रिल २०२० पासून तीन वर्षांची झाली आहे, तेव्हा वेळ उलटून गेली नव्हती. तिच्याकडे रोजची नोंदच नव्हती. कोणत्या दिवशी किती वाजता आली, केव्हा गेली, मधल्या वेळात काय केले, यांतले काहीही लिहिलेले नव्हते. सोलापुरात तिचे आजोबा दुकान बंद केल्यावर रोजमेळ पुरा केल्याशिवाय जेवायला उठत नसत. आता तिच्या उशाशी एक लहान वही असते. मी उघडून पाहिली: तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, पाठांची संख्या. अक्षर आजोबांसारखेच तिरके.

राहण्याच्या परवान्याविषयी आपल्याकडे बराच गैरसमज आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आखाती देशांचा अनुभव असलेल्यांना वाटते की नोकरी सोडली की व्हिसा गेला. जपानात निवासाचा दर्जा व्यक्तीच्या नावे असतो, मालकाच्या नावे नसतो. नोकरी सोडली किंवा बदलली तर चौदा दिवसांच्या आत आप्रवासन खात्याला कळवावे लागते. योग्य कारणाविना तीन महिने संबंधित काम न केल्यास परवाना रद्द होऊ शकतो, पण मालक स्वतः तो रद्द करू शकत नाही. ‘सोडलेस तर तुझा व्हिसा काढून घेऊ’ अशी धमकी पुतणीच्या एका फिलिपिनो सहकारिणीला मिळाली होती आणि ती बिचारी त्या भीतीने सहा महिने अधिक राबली. आणखी एक भेद लक्षात ठेवावा. संभाषणाच्या खाजगी शाळांसाठी लागणारा दर्जा वेगळा आणि प्राथमिक-माध्यमिक शाळांत शिकविण्यासाठी लागणारा वेगळा. दुसऱ्या प्रकारात परदेशी भाषा शिकविणाऱ्याने त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते. आपल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ही अट पूर्ण करता येते, मात्र पहिलीपासूनचे दाखले जपून ठेवलेले असावेत. मराठी माध्यमातून शिकून उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ही अट आडवी येते, आणि हे दलाल आधी सांगत नाही.

दलालांविषयीही दोन शब्द. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते, आणि उमेदवाराकडून तो तीस हजार रुपये अधिक कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. ‘पर्यटक म्हणून जा, तेथे गेल्यावर कागद बदलून देऊ’ असे सांगणाऱ्याकडून उठून यावे. पर्यटकाच्या परवान्यावर शिकविणे हा जपानात गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा शिक्षकालाही होते.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. संस्था शिक्षकाला नोकर म्हणतच नाही, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणते, जपानीत ‘इताकु’. पाठ झाला तर पैसे, विद्यार्थी आला नाही तर काही नाही. रजा नाही, विमा नाही. व्यापारी घरातील मुलाला हे आकर्षक वाटते, कारण आपणही नोकर नसून मालक आहोत अशी भावना होते. मात्र दर संस्था ठरविते, वेळापत्रक संस्था देते, पुस्तकही तिचेच. ज्या धंद्यात भाव आपण ठरवीत नाही आणि गिऱ्हाईक आपले नसते, त्याला धंदा म्हणवत नाही. नोकरीत सहा महिने सलग काम करून ऐंशी टक्के हजेरी भरली की पूर्णवेळ कामगाराला कायद्याने दहा दिवसांची पगारी रजा मिळते. कंत्राटदाराला मिळते ती फक्त रजा.

एवढे वाचून कोणी मुलांना पाठवूच नये असे म्हणेल, तर ते मला पटणार नाही. पुतणीची नवी शाळा लहान मुलांची आहे, कोबेच्या पूर्वेकडील आशिया नावाच्या टुमदार गावात. एका सकाळी परवानगी काढून मी वर्गाच्या दाराशी उभा राहिलो. चार वर्षांची दहा मुले तिच्याभोवती कोंडाळे करून बसली होती आणि ती हत्तीचे चित्र दाखवून सोंडेचा अभिनय करीत होती. मुलांनी मला पाहिले आणि सर्वांनी एकदम कमरेत वाकून नमस्कार केला. तिला काम आवडते हे सांगावे लागत नव्हते. येथे तासांचा आकडा पस्तीस आहे, विमा आणि निवृत्तिवेतन संस्थेमार्फत आहे आणि खोली तिच्या स्वतःच्या नावावर आहे. पगार मात्र आधीपेक्षा पंधरा हजार येनांनी कमी. निवृत्तिवेतनाच्या हप्त्याबाबत माझ्या बंधूंना काळजी होती की परत आल्यावर ते पैसे बुडतील. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आहे. त्यानुसार दोन्ही देशांतील सेवेचा काळ निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी एकत्र मोजता येतो. तसे न करता देश सोडताना एकरकमी परतावा घेण्याचीही वाट आहे, पण मग तो काळ हिशेबातून वजा होतो. ही निवड तिने अजून केलेली नाही.

आमच्या मुक्कामाच्या अखेरच्या आठवड्यात तिच्या कराराच्या नूतनीकरणाचा कागद आला. आम्ही तो तिघांनी मिळून वाचला. एका कलमात ‘संस्थेच्या गरजेनुसार कामाचे ठिकाण बदलता येईल’ असे होते. तिने त्याखाली पेन्सिलीने लिहिले: किती अंतरापर्यंत? प्रवासखर्च कोणाचा? दुसऱ्या दिवशी ती हे विचारून आली. मुख्याध्यापिका काही क्षण गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की आजवर कोणी विचारले नव्हते, त्या मुख्य कचेरीला विचारून सांगतील. आम्ही सोलापूरला परतल्यावर तिचा निरोप आला. चाळीस मिनिटांच्या प्रवासापर्यंत बदली होऊ शकेल आणि भाडे संस्था देईल, असे लेखी मिळाले होते. सही तिने त्यानंतर केली, आणि वहीत तारीख लिहून ठेवली.